नागोराव मामांची तिसरी तपासणी

नागोराव मामांच्या उजव्या डोळ्याची नजर मी चुकीची लिहिली. त्या डोळ्याला समोर धरलेली बोटंही मोजता येत नव्हती, आणि मी केसपेपरवर लिहिलं, सहा-नऊ. ज्यांना हे आकडे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, सहा-नऊ म्हणजे दवाखान्याच्या भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता असतो त्यातली खालून दुसरी ओळ. तिथपर्यंत पोचणारा माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि हसत घरी जातो. मामाही त्या दिवशी हसतच गेले होते.

नांदेडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं नजर तपासतोय. एवढ्या काळात केलेल्या चुकांचा माझ्याकडे चांगला साठा आहे आणि लग्नाकार्यात लोक मला खुर्ची देऊन त्या सांगायला बसवतात. एकदा समोर बसलेल्या माणसाची मी पंधरा मिनिटं तपासणी केली, दोन्ही डोळ्यांचा नंबर काढला, तेव्हा तो अदबीनं म्हणाला, सर, आता आईला बसवू का? एकदा चष्म्याच्या चौकटीत काच घालायचीच विसरलो आणि रिकाम्या चौकटीतून बघणाऱ्या माणसाला विचारलं, आता कसं स्वच्छ दिसतंय ना? तो बिचारा हो म्हणाला, आणि मी त्याला त्याच नंबरचा चष्मा लिहून देणार होतो. असलं सगळं मी रंगवून सांगतो. मामांच्या डोळ्याची गोष्ट मात्र मी कुठंच सांगितली नव्हती. ती सांगताना हसू कुठं येतं तेच मला सापडलेलं नाही.

महिन्यापूर्वी चंद्रकलाबाईंचा फोन आला. नायगावला त्या मामांच्याच गल्लीत राहतात, अंगणवाडीत मदतनीस आहेत. म्हणाल्या, "सर, मामा गेले. चहा घेतला, भिंतीला टेकले, अन् गेले." मी बरं म्हणालो. माणूस गेल्याचं कळल्यावर बरं म्हणतात का? मी म्हणालो. मग मागच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ नाकावर जड चौकट घेऊन बसलेत हे मला वीस मिनिटांनी आठवलं. आत गेलो तर ते शांतपणे एकटेच तक्ता वाचत होते. वरून खाली, आणि खालून पुन्हा वर.

मामा तहसील कचेरीत शिपाई होते आणि पुकारा हे त्यांचं काम. सकाळी कारकून त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी एकदा वाचून दाखवायचा, की दिवसभर मामा दारात उभे राहून नाव, बापाचं नाव आणि गाव असं सगळं एका दमात पुकारायचे. हातात कागद असायचा, पण तो साहेबांना बरं वाटावं म्हणून. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा मी एका पेशंटचं नाव दोनदा घेतलं, कुणी उठेना. बाकावरून मामा म्हणाले, सर, असं न्हाई. आणि त्यांनी ते नाव असं पुकारलं की औषधाच्या दुकानात उभा असलेला माणूस पळत आला. तेव्हापासून मामा ज्या दिवशी तपासणीला येत त्या दिवशी पुकारा त्यांचाच.

त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पातळ पडदा असतो, ज्याच्यावर चित्र उमटतं, तो ओल आलेल्या भिंतीवरच्या पोपड्यासारखा सुटतो. मामा म्हणाले, खालून काळं काहीतरी वर चढून राहिलंय. डावा डोळा लहानपणापासूनच मंद. त्यातून माणूस आला एवढं कळायचं, दार कुठंय ते कळायचं, अक्षर मात्र नाही. म्हणजे वाचण्यापुरता त्यांना हा एकच डोळा होता, आणि रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचल्याशिवाय मामा अंघोळीला उठत नसत.

आमच्या पडद्याच्या डॉक्टर लातूरच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडला येतात, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. बिनटाक्याची शस्त्रक्रिया आमच्याकडे त्यांनी सुरू केली. पूर्वी पडद्याचं ऑपरेशन म्हणजे टाके, लालभडक डोळा आणि कित्येक दिवस खुपणं. आता बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागात सुईएवढी तीन छिद्रं पाडायची, त्यातून आतलं सगळं काम करायचं, पडदा बसवायचा, आत वायू भरायचा आणि हत्यारं बाहेर काढायची. छिद्रं आपोआप मिटतात. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की बघणाऱ्याला डोळ्याला काही झालंय असं वाटत नाही. आणि तिथंच आमची पंचाईत व्हायची. टाका न्हाई, रक्त न्हाई, मग केलं तरी काय, असं लोक तोंडावर विचारायचे. काही जण ऑपरेशनच ढोंगाचं समजून तिसऱ्या दिवशी कामाला लागायचे आणि बसलेला पडदा पुन्हा सोडवून यायचे. कारण आतला वायू वर चढून पडद्याला दाबून धरतो, त्यासाठी मान खाली घालून आठवडाभर पालथं पडावं लागतं, आणि हे ऑपरेशनपेक्षा अवघड.

मामांनी त्यावर युक्ती काढली. बाजेच्या एका टोकाचं विणकाम सैल करून त्यांनी तोंड मावेल एवढं भोक केलं आणि त्यात तोंड घालून सात दिवस पालथे पडून राहिले. भेटायला येणाऱ्यांची अडचण झाली. तोंड बघायचं तर बाजेखाली जावं लागे. मीही गेलो होतो. फरशीवर उताणा झोपलो, वर मामांचा चेहरा, खाली माझा, मध्ये वीतभर अंतर. मामींनी त्याच अवस्थेत माझ्या हातात चहा दिला आणि मी तो उताण्यानंच प्यायला गेलो. त्याचं पुढं काय झालं ते माझ्या शर्टाला विचारावं. मामा वरून म्हणाले, "सर, पालथं मला सांगितलंय, तुम्ही कामून उलटे झाले?"

पहिल्या दोन तपासण्यांना मॅडमनी स्वतः बघितलं. पडदा नीट बसला होता. दुसऱ्या वेळी मामांनी खिशातून पेपरची घडी काढून मला मथळे वाचून दाखवले, तेही पुकाऱ्याच्या आवाजात. नायगावभर त्यांनी हा डोळा दाखवत फिरायला सुरुवात केली. ज्याला त्याला पापणी ओढून सांगायचे, बघा, कुठं टाका दिसतो का. चंद्रकलाबाईंना त्यांनीच आमच्याकडे आणलं. साखरेच्या आजारानं बाईंच्या दोन्ही डोळ्यांत आत रक्त उतरलेलं, समोरचं माणूस धुरात उभं असल्यासारखं. घरी दोन मुली आणि कमावणारं दुसरं कुणी नाही. दोनदा ऑपरेशनची तारीख घेऊन दोनदा त्या बसस्टँडवरून परत गेल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, मामा, तुमच्या डोळ्याची तपासणी माझ्यासमोर होऊ द्या, तुम्हाला दिसतंय हे कानानं ऐकलं की मी टेबलावर जाईन. मामांनी आपल्या तिसऱ्या तपासणीच्याच शुक्रवारी बाईंची तारीख घेतली.

त्या शुक्रवारी मामा, मामी आणि चंद्रकलाबाई असे तिघं आले. मामी दारापाशी डबा घेऊन उभ्या राहिल्या. तेव्हा माझ्या खोलीतच भिंतीला लागून बाक होता. म्हणजे एक जण तक्ता वाचायचा आणि पाठीमागचे सात-आठ जण ऐकत बसायचे. हे चूक आहे हे शिकाऊ माणसालाही कळतं, पण जागा नव्हती आणि मला सवय झाली होती. मामांच्या आधी दोघांची तपासणी झाली. मग मामा बसले, डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून घडाघडा सुरू झाले. कुठं थांबले नाहीत, अडखळले नाहीत. मी लिहीत होतो. खालून दुसऱ्या ओळीला पोचले तेव्हा मी पेन ठेवून बाकाकडे वळलो आणि सगळ्यांना म्हणालो, बघा, याला म्हणतात ऑपरेशन. चंद्रकलाबाई उठल्या आणि स्वतःहून ऑपरेशनला आत गेल्या.

आता नियम असा होता की पडद्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब टाकायचे आणि मॅडमना आतून पडदा दाखवायचा. नजर कितीही चांगली असो. मामा म्हणाले, आज थेंब नको सर, बाईसोबत थांबायचंय, मग मलाच दिसणार न्हाई. बाहेर गर्दी, मॅडम ऑपरेशनमध्ये. मी म्हणालो, सहा-नऊला कशाला थेंब लागतात, या पुढच्या महिन्यात... आणि तारीख लिहून दिली.

पुढच्या महिन्यात मामा भिंतीला हात लावत लावत आले. हात चंद्रकलाबाईंनी धरला होता. बाईंचा एक डोळा तोवर छान लागला होता, दुसऱ्याची तारीख पडली होती. मॅडमनी मामांच्या डोळ्यात बराच वेळ बघितलं. पडदा पुन्हा सुटला होता आणि एवढ्या दिवसांत आकसून मुडपला होता, उन्हात पडलेल्या भिजक्या कागदासारखा. मॅडमनी केसपेपर मागितला. त्यावर माझ्या वळणदार अक्षरात सहा-नऊ. त्यांनी मामांना एवढंच विचारलं की मागच्या वेळी दिसत होतं का. मामा म्हणाले, "न्हाई मॅडम. दिसायचं बंद होऊन आठ दिस झालते. पाठ होतं मला."

त्यांच्याआधीच्या दोन पेशंटनी तक्ता वाचला तो त्यांनी ऐकला होता. तहसीलची दिवसभराची यादी जो एका ऐकण्यात धरून ठेवायचा, त्याला अर्ध्या पानाचा तक्ता किती!

दुसरं ऑपरेशन लातूरला झालं. मी सोबत गेलो. जाताना एसटीत मामांना विचारलं की असं का केलं. ते खिडकीपाशी बसले होते. म्हणाले, ती मागं बसलेली. मी दिसत न्हाई म्हणलो असतो तर ती पुन्हा बसस्टँडला गेली असती, मग काय ती परत येत न्हाई. मी म्हणालो, आणि तुमचा डोळा? मामा म्हणाले, "मला वाटलं, एक महिन्यानं काय होतंय. पुढच्या तारखेला सांगू. मला काय माहीत सर, महिन्यात एवढं होतं."

माहीत असायला हवं होतं ते मला. त्या शुक्रवारी दोन थेंब पडले असते तर मामा कितीही खोटं बोलले असते तरी पडदा खरं बोलला असता. मॅडमनी त्याच आठवड्यात पुन्हा बसवला असता, आणि तेव्हा बसायची आशा चांगली होती. हे मी त्या एसटीत सांगायला हवं होतं. अर्ध्या वाटेत सांगू, मग लातूर आल्यावर सांगू, असं करत मी त्यांना रिकाम्या चौकटीची गोष्ट सांगितली. मामा खूप हसले.

या वेळी आत वायूऐवजी तेल भरलं. पडदा कसाबसा बसला, पण नजर आली नाही. डोळ्यासमोर हात हलवला तर हललेला कळायचा, तेवढंच. शस्त्रक्रिया पुन्हा बिनटाक्याचीच होती, डोळा बाहेरून पहिल्यासारखाच स्वच्छ दिसायचा. गावात लोक म्हणायचे, डोळा तर चांगला दिसतोय की. मामा म्हणायचे, हाव, तुम्हाला दिसतोय.

मॅडम मला ओरडल्या नाहीत. थेंब का टाकले नाहीत विचारलं, मी गर्दी होती म्हणालो, त्यांनी मान डोलवली. दुसऱ्या आठवड्यात बाक बाहेर गेला, वेगवेगळ्या अक्षरांचे तीन तक्ते आले. मॅडम ऑपरेशनं झालेल्या सगळ्यांची एक यादी ठेवायच्या, कुणाला किती दिसायला लागलं याची. लातूरला डॉक्टरांच्या एका बैठकीत ती वाचायची होती. त्यांनी मामांच्या नावापुढचं सहा-नऊ लाल शाईनं खोडलं. मी म्हणालो, एकच तर आहे, वगळून टाका. त्या म्हणाल्या, वगळून कशी राहील यादी? आणि बैठकीत त्यांनी बाकीच्या सगळ्या चांगल्या नजरा भरभर वाचल्या आणि त्या एका खोडलेल्या नावापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. चूक दवाखान्याची, असंच म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. मी शेवटच्या रांगेत बसून प्रोजेक्टरच्या वायरीकडे बघत होतो.

त्यानंतर मामा अडीच वर्षं होते. तेलाच्या तपासणीला यायचे, पुकारा करायचे. आता बाकावरच्या लोकांची नावं ते मला विचारून घेत आणि लक्षात ठेवत. चंद्रकलाबाई संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. जाहिराती गाळल्या की मामांना कळायचं. एकदा भूमी-अभिलेखची अख्खी नोटीस त्यांनी गाळली तेव्हा मामा म्हणाले, पान उलटलं लवकर, मधलं वाच. बाई मला हे हसत सांगायच्या. पण त्यांना वाटायचं आपल्यामुळं झालं. मामांना वाटायचं आपल्यामुळं झालं. आणि ज्याच्यामुळं झालं तो दोघांनाही समजावत बसायचा की जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका. समजावण्यात मी फार तरबेज झालो होतो.

शेवटचे भेटले ते दवाखान्याच्या पायरीवर. एसटीला वेळ होता. मामा म्हणाले, "सर, तुम्हाला एक बोलायचं होतं. माझ्या खोट्यानं मॅडमच्या यादीत लाल रेघ पडली. अन् तुमचं बी नाव खराब झालं. माफी असू द्या."

माझ्या तोंडाशी आलं होतं... अगदी दातांपर्यंत. पण मी म्हणालो, अहो मामा, माझं नाव खराब करायला मी एकटा पुरेसा आहे. ते हसले, हात जोडून जयभीम म्हणाले आणि काठी टेकत उतरले. चांगलं वाक्य सुचलं म्हणून त्या दिवशी मी खुशही होतो.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या, कार्यक्रमाला मी गेलो नाही. शुक्रवार होता, ऑपरेशनचा दिवस. ही सबब खरी आहे, आणि सबबच आहे. गेल्या रविवारी मात्र नायगावला गेलो. मामी पडवीत तूर निवडत होत्या. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मामांचा नवा फोटो लावलेला, कचेरीतला, छातीवर बिल्ला असलेला. मामींनी बसायला चटई टाकली. मी इकडचं तिकडचं बोललो, मग सगळं सांगितलं. नियम काय होता, थेंब कशासाठी असतात, मी ते का टाकले नाहीत, टाकले असते तर काय झालं असतं. म्हणालो, मामी, मामांची चूक नव्हती, माझी होती. ते उगाच स्वतःला दोष देत गेले.

मामींचा हात सुपात थांबला होता. त्यांनी विचारलं, "हे त्यांना सांगितलं होतं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. थोडे खडे वेचून बाजूला टाकले आणि मग त्या शुक्रवारचं सांगायला लागल्या. दारात उभ्या असताना त्यांना सगळं दिसत होतं. मामांनी डावा डोळा झाकला, खुर्चीवर सरळ बसले आणि खिडकीकडं तोंड करून वाचायला लागले. तक्ता एका बाजूला, मामांचं तोंड दुसऱ्या बाजूला. मामींना वाटलं, सर आता बोलतील, मग बोलतील. त्या स्वतःच बोलणार होत्या, पण चंद्रकलाबाईंनी दाराजवळच्या बाकावरून त्यांचा पदर मुठीत घट्ट धरला होता. बाईंना तर काही दिसतच नव्हतं, त्या फक्त ऐकत होत्या.

"मला एक अक्षर येत न्हाई, सर," मामी म्हणाल्या, "पण माणूस कुठं बघून वाचून राहिला ते मला बी कळलं. तुम्ही खाली मान घालून लिवत होते. थेंबाचं काय घेऊन बसलाय... तुम्ही एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं असतं, तरी भागलं असतं."